सोलापुरातून विचारायलोय: ३० किलोच्या फायटिंग बॉटला मोटर ड्रायव्हर आणि बॅटरी कोणती घ्यावी?

कडकभाकरी

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, सगळे सोलापूरचेच. येत्या फेस्ट सीझनला रोबोटच्या लढतीत ३० किलो गटात बॉट उतरवायचाय. चासीचं काम मार्गी लागलंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका मित्राच्या काकांचं फॅब्रिकेशन आहे, तिथं एमएस प्लेट कापून मिळाली. मागे दोन चाकं, पुढे हत्यार म्हणून फिरणारा ड्रम. गाडी अडलीय ती इलेक्ट्रिकलवर.

हातात काय आहे:
चाकांना दोन एमवाय१०१६झेड, गिअरवाल्या. जुन्या ई-सायकलींतून काढलेल्या, भंगारात मिळाल्या. पाटीवर २४ व्होल्ट, २५० वॅट. ड्रमला तीच मोटर, पण बिनगिअरची. रिमोट फ्लायस्काय एफएस-आय६, सीनियरकडून वारसाहक्कानं.

आता प्रश्न. मोटर ड्रायव्हर (मोटरला करंट कमी-जास्त देणारा बोर्ड) म्हणून बीटीएस७९६० चे बोर्ड घ्यायचा विचार आहे. ४३ अँपिअर लिहिलंय, मोटरच्या पाटीवर चौदाच्या आत करंट आहे, म्हणजे तिप्पट झालं. सीनियर म्हणतो सायट्रॉन कंपनीचाच घे. तो महाग पडतो. बॅटरी लिपो (लिथियम-पॉलिमर) घ्यावी की यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) वाल्या दोन लावून काम भागेल? आणि ड्रमला ड्रायव्हर न घेता बाइकचा सेल्फ रिले चालेल का?

पैसा वर्गणीचा आहे. एकदाच घेता येईल.

गड्डा२

सगळ्यात आधी आग विझवायचा सिलिंडर घे बे. बाकीचं नंतर बोलू.

हुतात्मा_डी३

@कडकभाकरी, सीनियर बरोबर सांगतोय, पण कारण सांगत नाहीये, म्हणून लिहितो. कॉलेजात असताना दोन सीझन हेच केलंय.

त्या बोर्डावरचा ४३ हा आकडा म्हणजे 'एवढं करंट सतत देईन' असं वचन नाही. इन्फिनिऑन कंपनीच्या त्या चिपमध्ये साधारण ४३ अँपिअरला करंट लिमिट लागतं, चिप स्वतःला वाचवायला आउटपुट तोडायला लागते. म्हणजे तू ज्याला क्षमता समजतोस ती कुंपणाची तार आहे. त्यात बोर्डाचा हीटसिंक नावापुरता, पीसीबीवरचं तांबं पातळ, आणि हिरवा स्क्रू टर्मिनल तर त्याहून आधी वितळतो. सतत १०-१५ अँपिअरच्या पुढं मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. लाइन फॉलोअरला, छोट्या गाडीला उत्तम बोर्ड आहे, त्याबद्दल वाद नाही.

दुसरं म्हणजे व्होल्टेज. त्या चिपची नेहमीची मर्यादा २७.५ व्होल्ट. ६ सेलची लिपो पूर्ण भरली की २५.२. मधे उरले सव्वादोन. तू ब्रेक मारलास की मोटर जनरेटर होऊन उलटं व्होल्टेज ढकलते, तेव्हा हे सव्वादोन पुरत नाहीत.

आणि हा बोर्ड रिमोटच्या रिसीव्हरचा सिग्नल सरळ घेत नाही, मधे आर्डुइनो (छोटा प्रोग्राम करायचा बोर्ड) लागतो. म्हणजे आणखी एक पाटी, आणखी चार जंपर वायरी, आणि पहिल्या धडकेत कुठली तरी एक निघणार.

शंकासुर

सायट्रॉनची जाहिरात छान जमलीय. पण पाटीवर चौदा अँपिअर असलेल्या मोटरला ३०-४० अँपिअरचा ड्रायव्हर कशासाठी? चौदाच्या दुप्पट धरा, विषय संपला.

रिवाइंडर

शंकासुर साहेब, पाटीवरचं करंट हे मोटर फिरत असताना, ठरलेल्या लोडवर. जाम झालेल्या मोटरला पाटी वाचता येत नाही.

माझं वाइंडिंगचं दुकान आहे, लूमच्या मोटरी आयुष्यभर बघितल्या. त्या एसी आणि ह्या डीसी, पण जाम झाली की करंट पाटीच्या कितीतरी पट चढतं, हे दोन्हीकडं सारखं म्हणा. डीसीला हिशेब सोपा, अडथळा तांब्याच्या तारेच्या रेझिस्टन्सचाच उरतो: बॅटरीचं व्होल्टेज भागिले वाइंडिंगचा रेझिस्टन्स. तेच स्टॉल करंट.

बाळा, आधी तुझ्या मोटरी मोज. मल्टीमीटर ओहमवर लावून मोजू नको. एक ओहमच्या खाली साध्या मीटरचं काही खरं नसतं, नुसत्या प्रोबाच बिंदू दोन-तीन दाखवतात. असं कर:

१२ व्होल्टची बाइकची किंवा यूपीएसची बॅटरी घे. तिच्या सिरीजमध्ये हेडलाइटचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब आणि मग मोटर. बल्ब करंट आवरून धरतो, चार-साडेचार अँपिअरच्या पुढं जाऊ देत नाही. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून करंट लिहून घे. मग मीटर काढ, व्होल्टवर घे आणि मोटरच्या दोन टर्मिनलवर, अगदी टर्मिनलवरच, व्होल्टेज बघ. व्होल्टेज भागिले करंट, झाला रेझिस्टन्स.

शाफ्ट मात्र फिरता कामा नये. फिरला की बॅक ईएमएफ (फिरणारी मोटर स्वतः तयार करते ते उलटं व्होल्टेज) येतं आणि रीडिंग खोटं पडतं. गिअरवाली मोटर चार अँपिअरलासुद्धा हात पिरगाळते, तेव्हा मोटर व्हाइसमध्ये आणि शाफ्टला पाइप पाना. एक रीडिंग झालं की सप्लाय काढून शाफ्ट थोडा फिरव, परत घे. सात-आठ जागी घे, कारण कार्बन (म्हणजे ब्रश) कम्युटेटरच्या, म्हणजे शाफ्टवरच्या तांब्याच्या रिंगच्या, कुठल्या पट्टीवर बसलाय त्यावर आकडा हलतो. सगळ्यात कमी येईल तो धर.

कडकभाकरी

काका हे भारी आहे. बल्ब घरी आहे, पप्पांच्या जुन्या जीपचा. रविवारी मोजून टाकतो.

शंकासुर

मोजा की. पण मुद्दा तोच राहतो. समजा स्टॉल ८० अँपिअर आला. बॉटची चाकं काय जमिनीला वेल्डिंग केलीत? जोर वाढला की चाक घसरणार. मोटर स्टॉलला जाणारच नाही. मग ८० चा ड्रायव्हर घ्या म्हणणं म्हणजे पैशाची उधळपट्टी.

मंगळवारपेठ

शंकासुर, अर्धं बरोबर बोललात, आणि हे अर्धं बरेच लोक विसरतात. हिशेब मांडते. (पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते, सध्या पुण्यात, माहेर मंगळवार पेठ, सोलापूर.)

बॉट ३० किलो, समजू की सगळा भार दोन चाकांवर आहे. रबर आणि लोखंडी फरशी यांचं घर्षण ०.८ धरलं तर एकूण पकड ३० × ९.८१ × ०.८, म्हणजे सुमारे २३५ न्यूटन. एका चाकाच्या वाट्याला ११८. चाक १५ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर टॉर्क ११८ × ०.०७५, जवळजवळ ८.८ न्यूटन-मीटर. गिअर ९.७८ ला १, त्यात वीस टक्के वाया जातात असं धरू. मोटरच्या शाफ्टवर लागतात साधारण १.१३ न्यूटन-मीटर. ही मोटर २४ व्होल्टला बिनलोड तीन हजार तीनशेच्या आसपास फिरते असं धरलं, तर अँपिअरमागे ०.०७ च्या जवळ टॉर्क देते. म्हणजे चाक घसरायला सोळा-सतरा अँपिअर पुरतात.

तेव्हा सरळ ढकलाढकलीत एका मोटरला सतरा अँपिअर. पुढचा भार ड्रमवर किंवा घसरपट्टीवर गेला तर त्याहून कमी. इथपर्यंत शंकासुर बरोबर.

आता उरलेलं अर्धं. एक: पुढं भरधाव चाललेला बॉट एकदम मागं घेतला. त्या क्षणी मोटरचं स्वतःचं बॅक ईएमएफ, समजा २० व्होल्ट, बॅटरीच्या २४ मध्ये मिळतं. रेझिस्टन्स ०.३ ओहम असेल तर ४४ भागिले ०.३, म्हणजे दीडशेच्या घरात. क्षणभरच, पण ड्रायव्हरमधला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा भाग) मरायला क्षणभर पुरतो. दोन: समोरच्याच्या ब्लेडनं चाकाजवळची प्लेट वाकवली आणि ती चाकाला अडकली. आता चाक घसरत नाही, अडकलंय. बॉट चालवणारा मात्र रिमोटची स्टिक पूर्ण दाबून आहे. हाच खरा स्टॉल, आणि तो मॅचमध्ये येतोच.

म्हणून सतत करंट घसरणीवरून ठरवायचं आणि पीक करंट स्टॉलवरून. आणि ड्रायव्हरमध्ये स्वतःचं करंट लिमिट आणि थर्मल कट आहे का, हे आधी बघायचं. सायट्रॉनच्या एमडीडीएस३० मध्ये ते आहे: चॅनलला ३० अँपिअर सतत, ७ ते ३५ व्होल्ट, दोन चॅनल, रिसीव्हरचा सिग्नल सरळ घेतो. सेबरटूथ २x३२ सुद्धा त्याच पंक्तीतला, चॅनलला ३२ सतत, ६४ पीक, पण तो अमेरिकेतून येतो, जकात धरून परवडणार नाही. तुमच्या हिशेबाला ३० वाला बसतो. ६० वाला घ्यायची गरज नाही, ते पैसे दुसऱ्या बॅटरीला ठेवा.

शंकासुर

ताई, हिशेब मान्य. करंट लिमिट असेल तर ८० ची भीती घालू नका एवढंच माझं म्हणणं होतं.

हुतात्मा_डी३

ताईंच्या हिशेबात चाकाचा व्यास बदलून बघ रे कडकभाकरी. २० सेंटिमीटरचं चाक लावलं तर तेच सतरा बावीसच्या पुढं जातं. मुलं वेग हवा म्हणून मोठं चाक लावतात आणि मग ड्रायव्हर तापला म्हणून ओरडतात. मोठं चाक म्हणजे बदललेला गिअर, दुसरं काही नाही.

बॅटरीबद्दल. मॅच तीन मिनिटांची. दोन मोटरी सरासरी १५ अँपिअर धरल्या तर ३० अँपिअर तीन मिनिटं, म्हणजे दीड एएच. ड्रम सरासरी २० धर, एक एएच. झाले अडीच. ६ सेलची ५००० एमएएचची लिपो आरामात पुरते, ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त उपसायची नाही हे धरूनसुद्धा. पाकिटावरचा सी रेटिंगचा (एएचच्या किती पट करंट देते त्याचा) आकडा निम्मा करून वाच. ४० सी लिहिलं असेल तर २० समज, १०० अँपिअर. तरी पुरतं.

चार्जर विसरू नको. ५० वॅटचा छोटा चार्जर २५ व्होल्टच्या पॅकला दोनच अँपिअर देतो. रिकामी पॅक भरायला अडीच तास. दोन मॅचमध्ये तेवढा वेळ कुणी देत नाही. म्हणून दोन पॅक, किंवा मोठा चार्जर.

बाळीवेस_जुना

आमच्या वेळी सगळे यूपीएसच्याच बॅटऱ्या लावायचे. जळत नाहीत, फुगत नाहीत, कुठंही मिळतात. लिपोचं एवढं कौतुक का?

रिवाइंडर

काका, जळत नाहीत हे खरं. पण एक बॅटरी दोन किलोच्या वर. दोन म्हणजे साडेचारच्या आसपास. तीस किलोत साडेचार किलो शिसं. आणि ७ एएच हा आकडा वीस तासांत सावकाश काढलं तर. पन्नास अँपिअरनं ओढलं तर निम्मंही हाती येत नाही, आणि व्होल्टेज बसतं ते वेगळंच. शेडमध्ये गाडी चालवून बघायला मात्र त्याच वापरा. सरावात लिपो झिजवू नका.

मंगळवारपेठ

सोलापूरसाठी एक खास गोष्ट. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी सावलीतच चाळीस-बेचाळीस असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. त्यात मॅच खेळून आलेली पॅक स्वतःच गरम. तिला लगेच चार्जला लावू नका. संध्याकाळी, थंड झाल्यावर, उघड्यावर, फरशीवर, आणि माणूस समोर बसलेला असताना. दुचाकीच्या डिकीत ठेवून गावभर फिरवू नका. बरेच दिवस वापरायची नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेली पॅक 'अजून एक मॅच निघेल' म्हणून लावायची नाही.

ई-सायकलची बीएमएसवाली पॅक कुणी सुचवेल, म्हणून आधीच सांगते: बीएमएस (पॅकमधलं सेल सांभाळणारं सर्किट) तिच्या मर्यादेला पोहोचली की सगळंच बंद करते. सायकलवर ठीक आहे, तुम्ही उतरून चालाल. रिंगणात बॉट जागेवर मेला, पंच दहा मोजणार.

कडकभाकरी

ताई, नेमकं तेच आमच्यातला एकजण म्हणत होता 😅 बरं, ड्रमचं काय? सेल्फ रिले?

हुतात्मा_डी३

ड्रम एकाच दिशेनं फिरवायचा असेल तर रिले किंवा कॉन्टॅक्टर (मोठा, दणकट रिले) ही जुनी आणि चालणारी पद्धत आहे. पण बाइकचा सेल्फ रिले बनलाय तीन-चार सेकंद बटण दाबण्यासाठी. त्याची कॉइल १२ व्होल्टची, तीन मिनिटं चालू ठेवली की तापते, आणि २४ व्होल्ट सरळ दिले तर गेलीच. खरी भीती कॉन्टॅक्टची. २५ व्होल्ट डीसीची ठिणगी लवकर विझत नाही, कॉन्टॅक्ट चिकटतात, आणि मग तू स्विच बंद केलास तरी ड्रम फिरतच राहतो. अशा बॉटजवळ जायचं कुणी?

रिवाइंडर

बॅटरी स्टॅकर असतात बघ कारखान्यात, टॉवेलच्या गाठी उचलायला. २४ व्होल्टवर चालणारा असेल तर त्यातला कॉन्टॅक्टर कंटिन्युअस ड्यूटीचा, कॉइल पण २४ ची. भंगारात आलेला मिळाला तर उघडून कॉन्टॅक्ट बघून घे. खड्डे पडले असतील तर नको. कॉइलवर एक ४००७ डायोड उलटा लाव. मोटरच्या टर्मिनलवर दणकट शॉटकी डायोड, तोही उलटा. नाहीतर प्रत्येक वेळी बंद करताना ठिणगी तुझ्या रिसीव्हरपर्यंत पोहोचेल.

मंगळवारपेठ

पुली कशी ठेवलीय? ड्रमचा वेग वाढवायला पुलीचं गुणोत्तर दुप्पट केलं तर मोटरला ड्रम चौपट जड भासतो. कॉन्टॅक्टरवर सॉफ्ट स्टार्ट नसतो, पहिल्या क्षणी मोटर उभी असते, म्हणजे पूर्ण स्टॉल करंट. ड्रम सावकाश उठला तर ते करंट तितकाच वेळ चालतं. १:१ ने सुरू करा. पट्टा थोडा घसरू द्या, तोच तुमचा सॉफ्ट स्टार्ट.

आणि ड्रम बंद केल्यावर किती वेळात थांबतो ते नियमपुस्तकात बघा. बऱ्याच ठिकाणी ६० सेकंदांची अट असते.

गड्डा२

ब्रशलेस (कार्बन नसलेली) मोटर लावा की. सगळे तेच लावतात आता.

हुतात्मा_डी३

@गड्डा२ लावता येतं, हलकंही पडतं. पण सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर जड ड्रम उभ्यावरून उचलताना अडखळते, थरथरते, आणि तेवढ्यात ईएससी (तिचा स्पीड कंट्रोलर) जातो. ते जुळवायला वेळ आणि दोन-चार ईएससीचे पैसे लागतात. वर्गणीवाल्यांनी पहिल्या वर्षी हातातली मोटर वापरावी.

वायरिंगचं थोडक्यात. बॅटरीपासून ड्रायव्हरपर्यंत १० गेज सिलिकॉन वायर, मोटरला १२ गेज. घरातली पीव्हीसी वायर नको, ७० अंशांला तिचं इन्सुलेशन मऊ पडायला लागतं. बॅटरीला एक्सटी९० कनेक्टर. नकली कनेक्टर खूप आहेत, पिन सैल बसत असेल तर घेऊ नको. त्याला झाळायला २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ६०-८० वॅटची आण कुणाकडून तरी. नाहीतर वरून चकाकतं आणि आत कोरडं राहतं. मेन पॉवर तोडायला बाहेरून काढता येईल अशी एक्सटी९० ची लूप ठेव, ड्रमच्या विरुद्ध बाजूला. हात ड्रमसमोरून न्यावा लागला तर इन्स्पेक्शनलाच बाद.

बॅटरी ते ड्रायव्हर वायर आखूड. लांबवायचीच असेल तर मोटरकडची लांबव. ड्रायव्हर चासीला थेट स्क्रूनं आवळू नको, खाली रबर दे. आणि त्याला झाकण कर. रिंगणात ग्राइंडरच्या बुरादासारखे लोखंडाचे कण उडतात, एक जरी दोन पायांमध्ये बसला तरी संपलं.

हे सामान सोलापुरात एका ठिकाणी मिळणार नाही. ऑनलाइन, नाहीतर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धर आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या बाजूला फिर.

मंगळवारपेठ

मोटरच्या प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या बॉडीला १०४ चा सिरॅमिक कपॅसिटर, आणि एक दोन टर्मिनलच्या मध्ये. ब्रशच्या ठिणग्यांनी रिसीव्हर भरकटतो, तो त्यानं शांत होतो. रिसीव्हरला वेगळा ५ व्होल्ट बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारा छोटा बोर्ड) द्या. ढकलताना बॅटरीचं व्होल्टेज बसलं की रिसीव्हर रीस्टार्ट होतो आणि तुम्हाला वाटतं रिमोट गेला.

एफएस-आय६ मध्ये फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटरी थांबवणारी सोय) मेनूत जाऊन स्वतः लावावा लागतो, आपोआप लागला असेल असं धरू नका. चाकं विटांवर उचलून, ड्रमचा पट्टा काढून, स्टिक पूर्ण पुढं ठेवून रिमोट बंद करून बघा. मोटरी लगेच थांबल्या पाहिजेत. आणि मिक्सिंग (एका स्टिकवरून दोन्ही चाकं चालवायची सोय) एकाच जागी ठेवा: रिमोटमध्ये केलं तर ड्रायव्हरचा मिक्स मोड बंद. दोन्हीकडं चालू राहिलं तर बॉट सरळ म्हटलं की गोल फिरतो.

कडकभाकरी

काकांनी सांगितलं तसं मोजलं. बॅटरी बाइकची, बल्ब जीपचा.

डावी मोटर: ४.४ अँपिअर, १.२५ व्होल्ट. म्हणजे ०.२८ ओहम. आठही जागी थोडंफार हेच.
उजवी मोटर: ४.३ अँपिअर, १.८५ व्होल्ट. ०.४३ ओहम. आणि हिचा आकडा जागेवर नाही, एका ठिकाणी तर २.६ व्होल्ट दिसले.
ड्रमची: ४.४ अँपिअर, १.३ व्होल्ट.

२५.२ भागिले ०.२८ म्हणजे ९० अँपिअर! बीटीएस७९६० चा विषय आम्ही आमच्या ग्रुपवर बंद केला. पण उजवीचं असं का?

रिवाइंडर

उजवीचे कार्बन संपलेत, नाहीतर स्प्रिंग बसलीय. वाइंडिंग जळालं असतं तर बहुतेक आकडा खाली गेला असता, वर नाही. अशीच लावलीस तर बॉट सरळ चालणार नाही, एका अंगाला ओढेल, आणि तुम्ही आठवडाभर रिमोटचा ट्रिम हलवत बसाल.

मागची टोपी उघड. कार्बनची लांबी बघ, दोन्ही सारखे झिजलेत का बघ. कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक सँडपेपरनं हलक्या हातानं, एमरी पेपर वापरू नको, त्याची पूड करंट वाहते. पट्ट्यांमधल्या फटी टोकदार काडीनं साफ कर. कार्बन नवीन बसवलेस तर लगेच फुल लोड देऊ नको, बिनलोड तासभर कमी व्होल्टेजवर फिरू दे म्हणजे त्याचा घाट बसतो.

त्या मापाचे कार्बन दुकानात नसले तर मोठ्या कार्बनमधून घासून देईन. सात रस्त्याहून फोन कर, रस्ता सांगतो. टोपी इथंच उघडू, स्प्रिंग उडून हरवतात.

शंकासुर

डावी ०.२८ म्हणजे ताईंनी धरलेल्या ०.३ ला जवळच आली की. ड्रायव्हर ३० वाला पुरेल ना मग?

मंगळवारपेठ

पुरेल. त्या ०.२८ मध्ये बॅटरीचा आणि वायरींचा रेझिस्टन्स मिळवा, ९० चं प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास उरेल, आणि त्याला करंट लिमिट आवरेल. फक्त पहिल्या सरावात दर मिनिटाला थांबून ड्रायव्हरच्या हीटसिंकला आणि मोटरच्या बॉडीला हात लावून बघा, लूप काढून. मोटर ड्रायव्हरच्या आधी तापत असेल तर चाक लहान करा.

कडकभाकरी

काका, शनिवारी दुपारनंतर येतो, तिन्ही मोटरी घेऊन. स्टॅकरच्या कॉन्टॅक्टरचं पण तेव्हाच विचारतो.